वळीवराव, तेवढा हिमालय खाली उतरवा

प्रति,
श्री. वळीवराव,
मुक्काम : जोतिबा-पन्हाळ्याचा डोंगर
(कोल्हापूर शहरात सतत गैरहजर)



पत्रास कारण की, सलग अकराव्या संध्याकाळी आपण येतो येतो म्हणालात आणि आला नाहीत.

काल दुपारी चारच्या सुमारास जोतिबाच्या मागून कापसाचा एक ढीग वर आला. ढिगाचा डोंगर झाला, डोंगराचा शेंडा ऐरणीसारखा पसरला. रंकाळ्यावरच्या भेळवाल्यांनी गाड्यांवर प्लास्टिकचे कागद ओढले. शेजारच्या काकूंनी गच्चीतल्या कुरडया धावत जाऊन गोळा केल्या. मी पंखा बंद करून खिडकी उघडली. खुळ्यांच्या यादीत माझंही नाव हवं ना! मग आपण काय दिलंत? धुळीचा एक लोट, कुणाच्या तरी शेडचा उडालेला पत्रा आणि चार थेंब. मोजले मी, चारच. त्यातच लाईट गेली, ती रात्री साडेनऊला आली. तोवर कळलं की पन्हाळ्यावर आपण तासभर कोसळत होतात. जिथं आधीच गार वारा, तिथंच गारव्याची खैरात! ताट भरलेल्याला आग्रह करून वाढायचं आणि उपाशी माणसाला नुसता वास द्यायचा, हे आपल्याकडून शिकावं. आपल्या नावातच आपलं चरित्र आहे म्हणा: वेशीपर्यंत यायचं आणि वळायचं.

माझा एक मित्र सध्या मनालीला आहे. रोज दुपारी दोनला, मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला असतो तेव्हा, तो बर्फातला फोटो पाठवतो आणि खाली विचारतो, "तिकडं कसं काय?" काल मी त्याला उत्तरादाखल आपल्या ढगाचा फोटो पाठवला. कारण आपल्या पोटात काय दडलंय, हे आम्हाला ठाऊक आहे. आमची जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा त्या तापावर वर चढते, आणि चढता चढता आपला डोलारा बारा-पंधरा किलोमीटरवर जातो. बिचारा एव्हरेस्ट नऊ किलोमीटरसुद्धा भरत नाही. आपल्या माथ्यावर तापमान उणे पन्नासच्याही खाली, आणि तिथं सगळा बर्फच बर्फ. म्हणजे मित्रानं पैसे मोजून, दोन दिवस प्रवास करून जो बर्फ गाठला, त्याहून उंच बर्फाचा डोंगर आम्हाला घरबसल्या रोज डोक्यावर मिळतो, आणि तोही आमच्याच घामावर उभा केलेला! फक्त हात पोचत नाही, एवढीच काय ती अडचण. लहानपणी आपण तो कधीमधी गारांच्या रूपानं अंगणात टाकत होतात; आम्ही पातेली घेऊन पळत होतो. हल्ली आपण बहुधा हिशेबी झालात.

आमच्या या हालांना सरकारदरबारी नावही नाही. हवामान खात्याच्या नियमानं उष्णतेची लाट म्हणायची, तर सपाटीवर पारा निदान चाळीसला पोचावा लागतो, शिवाय तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर असावा लागतो. डोंगराळ भागात तीसवरच दखल घेतात. आमचा पारा अडतीस-एकोणचाळीसला रेंगाळतो. त्यामुळं आम्ही भाजतो, पण ते अधिकृत नाही.

मग रविवारी अख्खं गाव मोटारसायकली काढून वीस किलोमीटरवरच्या पन्हाळ्याला जातं. हवा दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. गड भोवतालच्या सपाटीपेक्षा चारशे मीटरच्या आसपास उंच. हिशेब केला तर हाती अडीच अंश लागतात. अडीच अंशांसाठी घाटात गाड्यांची रांग, रांगेत तापलेली इंजिनं, वर झुणका-भाकरीसाठी पुन्हा रांग. संध्याकाळी उतरताना मागं वळून बघावं, तर आपण नेमके तेव्हाच गडावर उतरत असता.

शाळेत असताना सिद्दी जौहरचा आम्हाला भयंकर राग यायचा. राग आजही आहे, पण मार्च १६६० मध्ये वेढा घालून तो ऐन उन्हाळ्यात पन्हाळ्याच्या पायथ्याशी बसला होता, हे आठवलं की त्याचं एक दुःख मात्र कळतं: गारव्याकडं तोंड करून तापत बसण्याचं. जुलैतल्या त्या रात्री वेढ्यातून निसटलेल्या शिवाजी महाराजांच्या वाटेवर बरसला तो आपला थोरला भाऊ, मान्सून. पण त्याचंही कौतुक किती करायचं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट असताना त्यानं पाणी पंचावन्नच्या वर नेलं, आणि दोन वर्षांनी पुन्हा तोच पराक्रम. धाकटा चार थेंब देतो, थोरला घरात पाणी घालतो. बेतानं हा शब्द आपल्या घराण्यात कुणी ऐकलेलाच नाही.

मी निदान ओला टॉवेल घेऊन बसू शकतो. शिरोलीच्या फौंड्रीत चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड साच्यात ओतणाऱ्या माणसाची शिफ्ट आपल्या भरवशावर ठरत नाही. तो सुटतो तेव्हा बाहेरचे अडतीस त्याला थंड वाटतात, आणि घरी पत्र्याच्या खोलीत गेला की पुन्हा भट्टी. त्याला ना मनाली, ना रविवारचा पन्हाळा. त्याच्या पत्र्यावर एक सर वाजली असती तर आपल्या बर्फातलं कितीसं कमी झालं असतं?

आता आपण उलटा प्रश्न विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकतो. होय, आम्ही वरुणतीर्थ बुजवून त्याचं गांधी मैदान केलं. कपिलतीर्थावर मंडई भरवली. वरुणाच्या नावाचं तळं मोडून त्याच्याच पुतण्याला पत्र लिहायला तोंड लागतं, हे मान्य. पण राग धरायचा तर थोरल्यानं धरावा. तो तर दर पावसाळ्यात त्या मैदानावर येऊन आपलं तळं पुन्हा मांडून जातो. आपल्याला काय झालंय? पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी आपल्या कथासंग्रहाला 'वळीव' हे नाव दिलं, एवढा मान या जिल्ह्यानं आपल्याला दिला. तो तरी ठेवा.

असो. विनंत्या, नवस, शिव्या, सगळं करून झालं. आपण कशाला भुलता, हे आता काकूंनी ओळखलंय. उद्या त्या पाच किलो गव्हाच्या चिकाच्या कुरडया गच्चीभर घालणार आहेत. जुन्या साड्या अंथरून झाल्यात. आणि या खेपेला त्या राखायला कुणीही बसणार नाही.

ये भावा. नासव सगळ्या.

आपला,
एक भाजलेला कोल्हापूरकर

ता. क. : कुरडयांना दगा दिलास, तर परवा सांडगे आहेत.