विरार लोकलचं उघडं दार

साध्या विरार लोकलचं दार कायम उघडं असतं. सकाळी आठ वाजता बोरीवलीकराने त्यातून आत शिरून दाखवावं! संशोधनाचं सॉफ्टवेअर हल्ली असंच 'खुलं' असतं.

माझा भाचा बोरीवलीच्या नॅशनल पार्कातल्या बिबट्यांचा अभ्यास करतो. प्रत्येक बिबट्याचे ठिपके निराळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. कॅमेरा ट्रॅपचे फोटो ताडून कोण कुठला ते ओळखायचं. ताडणारा प्रोग्राम एका शोधनिबंधात सापडला. खाली बारीक अक्षरांत: 'विनंती केल्यास उपलब्ध.' पोराने विनंती केली. चार महिन्यांनी उत्तर आलं, ज्या विद्यार्थ्याने लिहिला तो आता बँकेत असतो. आणखी दोन विनंत्यांनंतर झिप फाइल आली. चालवली, तर प्रोग्राम फोटो शोधायला गेला 'डी ड्राइव्ह, न्यू फोल्डर, फायनल, खरंच फायनल' या पत्त्यावर. तो पत्ता एका जुन्या लॅपटॉपातला, आणि लॅपटॉप भंगारात. त्यापेक्षा बिबट्या बरा, सोसायटीच्या गेटपर्यंत आपण होऊन येतो.

सोबत परवानाही नव्हता. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. त्यामुळे कोड नुसता समोर ठेवला म्हणून तो वापरायचा हक्क मिळत नाही. कायद्याचं चुकलं नाही म्हणा. लेखकाखेरीज कुणाला कळत नाही, वाचक तीन, तेही भेटप्रत मागणारे. साहित्यच की!

बरं, जमत नाही असंही नाही. पवईच्या आयआयटीतल्या 'फॉसी' प्रकल्पासाठी विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं 'सायलॅब' या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहितात, ती कुणालाही वापरता येतात. खोडदच्या 30 अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून आकाशाची चित्रं काढणारा 'कॅप्चर' प्रोग्राम पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी खुला केलाय, कसा चालवायचा तेही लिहून. जगाने तर 2022 साली संशोधन सॉफ्टवेअरसाठी 'फेअर' तत्त्वंच मांडली: सापडावं, मिळावं, इतरांशी जुळावं, पुन्हा वापरता यावं. आमच्या भाषेत इंडिकेटर, जिना, एकाच मापाचे रूळ आणि दारातल्याने जरा सरकणं. पहिले तीन पैशांनी होतात. सरकण्याचे गुण बढतीच्या फॉर्मात नसतात, तिथे निबंध मोजतात.

भाच्याने शेवटी स्वतःच प्रोग्राम लिहिला. आठ महिने गेले.

"आता तू तरी खुला ठेव," मी म्हटलं.

"ठेवणार ना मामा. जरा आवरतो. असा कुणी बघितला तर काय म्हणेल?"

"आणि तोवर?"

धक्के खात आत शिरलेला बोरीवलीकर अंधेरीच्या फलाटाला 'मागून रिकामी येतेय' असं ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात तो म्हणाला, "मागितला तर देईन की!"