श्रीयुत क्ष

नोबेल पारितोषिकाच्या भाषणात माझा उल्लेख आहे. हे वाक्य मी आमच्या सोसायटीत आजवर तिघांना ऐकवलं. पहिल्यानं अभिनंदन केलं, दुसऱ्यानं लिफ्टचं बटण दाबलं, आणि तिसरी आमची ही. तिनं विचारलं, "नाव घेतलंय का तुमचं?"

नाव घेतलेलं नाही. घेणार तरी कसं? भाषण ११ डिसेंबर १९४५ चं आणि मी जन्मलो १९६७ साली. भाषण अलेक्झांडर फ्लेमिंगचं, म्हणजे पेनिसिलिन शोधणाऱ्याचं. त्यात तो एक कल्पित गोष्ट सांगतो. कुणी एक श्रीयुत क्ष. त्याचा घसा दुखतो. हा गृहस्थ स्वतःच जाऊन पेनिसिलिन विकत आणतो आणि घेतो. पण घेतो इतकं थोडं, की घशातले जंतू मरत नाहीत, नुसते शिकून शहाणे होतात. मग हे शिकलेसवरलेले जंतू तो बायकोला देतो. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलं जातं, ते आता लागू पडत नाही, आणि सौ. क्ष जातात. फ्लेमिंग विचारतो, या मृत्यूला मुख्यतः जबाबदार कोण?

"थांबा," ही म्हणाली. "म्हणजे घसा तुमचा, गोळ्या तुमच्या, अक्कल तुमची, आणि मरायचं मी?"

"अगं, गोष्टीत."

"गोष्टीतसुद्धा मीच!"

आता मी श्रीयुत क्ष कसा झालो, ते सांगतो. कुणाच्या घराण्यात गाणं असतं, कुणाच्या घराण्यात वकिली. आमच्या घराण्यात पेनिसिलिन आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सदतीस वर्षं फिटर होते. ते वाफेच्या लाइनी दुरुस्त करत. त्यातून माझ्याकडे वैद्यकीय ज्ञान नेमकं कुठल्या पाइपातून आलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. बँकेत असताना 'याच्या वडिलांनी पेनिसिलिन बनवलंय' अशी माझी ओळख करून दिली जायची. मी ती दुरुस्त करत नसे. रिटायर झाल्यावर सोसायटीत तर माझा दवाखानाच निघाला. फी नाही, पाटी नाही, पदवी नाही. फक्त डबा.

अर्धा किलो आम्रखंडाचा प्लास्टिकचा डबा, झाकणावर आंबा. आत उरलेल्या गोळ्या. केमिस्ट कात्रीनं मोजक्या गोळ्या कापून देतो, त्यात नावाची बाजू नेमकी त्याच्याकडे राहते. त्यामुळे माझ्या औषधांची नावं '...मायसिन', '...क्लॅव', '...फ्लॉक्स' अशी, आडनावानं हाक मारावी तशी. एका तुकड्यावर नुसतंच 'बच्चों की पहुँच से दूर' एवढंच होतं. ती गोळी मी फक्त मोठ्या माणसांना देत असे.

उपचारपद्धती सोपी. घसा धरला की ॲझी, दात ठणकला की अमॉक्स, पोट बिघडलं की नॉरफ्लॉक्स. किती दिवस? बरं वाटेपर्यंत. उरलेल्या परत डब्यात. आम्ही चाळीत वाढलेली माणसं. पावाची पिशवी, साडीचा खोका आणि दोन गोळ्या आमच्या हातून टाकवत नाहीत.

डब्यात माल संपला की केमिस्ट होताच. पानाच्या गादीवर जाऊन 'एकशेवीस-तीनशे' म्हणावं, त्या थाटात मी म्हणायचो, "ॲझी पाचशे, तीनचं." तो काही न विचारता द्यायचा. चिठ्ठी मागितली असती तर मला अपमान वाटला असता. स्ट्रिपवर एका कडेला उभी लाल रेघ असते ना? डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं ती रेघ सांगते, आणि सरकारनं २०१६ साली त्यासाठी मोहीमही काढली होती, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला तो शाळेच्या वहीतला समास वाटायचा. एकदा समास सोडला की पुढे आपल्याला हवं ते लिहायला मुभा.

इथं थोडं पिंपरीबद्दल सांगितलं पाहिजे. ही म्हणते, नाही पाहिजे. पण लेख माझा आहे.

१९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं पिंपरीला हा कारखाना उभा राहिला. आत मोठमोठ्या बंद टाक्या. टाकीत बुरशी वाढवायची, तिला साखर घालायची, मक्याच्या पाण्याचा खुराक द्यायचा, खालून स्वच्छ हवा फुंकत राहायची. अण्णा म्हणायचे, आंबोळीच्या पिठासारखंच आहे, फक्त पिठात माशी पडली तर आपण काढून टाकतो, इथं एक परका जंतू शिरला की अख्खी टाकी गेली. अशा घुसखोरांतल्या काहींजवळ पेनिसिलिनचे तुकडे करणारं रसायनच असतं. बाहेर बुरशी रात्रंदिवस राबतेय आणि हे आत बसून तिची कमाई फस्त करतायत. अण्णा त्यांना 'खाणारे' म्हणत. "खाणारे आले," एवढंच बोलून जेवायला बसत आणि दुसरी भाकरी घेत नसत. मग टाकी रिकामी करायची, धुवायची, वाफ सोडायची, पुन्हा पहिल्यापासून.

तिसरीत असताना मी हट्ट धरला होता, पेनिसिलिनची एक बाटली आणा, मला वर्गात दाखवायचीय. अण्णा म्हणाले, "गेटपास लागतो." सदतीस वर्षांत आमच्या घरात त्या कारखान्यातून एक बाटली आली नाही. ताईचे टॉन्सिल्स सुजले तेव्हा आली, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर, रांगेत उभं राहून, पैसे मोजून.

आणि खरी अभिमानाची गोष्ट तर पुढेच आहे. पिंपरीच्या नावाचा एक जंतू आहे. स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना! कारखान्यातल्या डॉ. तिरुमलाचारांनी त्याचं हे बारसं केलं. त्याच्यापासून बुरशीवरचं औषध निघालं, हॅमायसिन. त्यातला 'हॅ' म्हणजे एच आणि ए, आमची कंपनी. मुलाच्या लग्नात मी पुणेकर व्याह्यांना म्हटलं, दाखवा तुमच्या पुण्याच्या नावाचा एखादा जंतू. ते म्हणाले, "आमच्याकडे पाणी उकळून पितात."

या स्ट्रेप्टोमायसिस घराण्याची थोरवी काय सांगावी! क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन यांच्यातलंच. आणि पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो वास येतो, तोही बराचसा यांचाच. ते जिओस्मिन नावाचं एक रसायन सोडतात. मराठी कवींनी मृद्गंधावर इतकं लिहिलं, पण या बिचाऱ्यांना एका ओळीचं श्रेय दिलं नाही. दर जूनमध्ये मी गॅलरीत उभा राहून मोठ्यानं म्हणतो, "वा, स्ट्रेप्टोमायसिस!" शेजारच्या गॅलरीचं दार बंद होतं.

असो. ही जांभया देतेय.

माझी भाची मायक्रोबायोलॉजीत एम.डी. करते. ती दिवाळीला आली, तिनं डबा पाहिला आणि पुरणपोळीत केस निघावा तसा चेहरा केला. मी माझी केस मांडली. कफ हिरवा झाला म्हणजे जंतू आले, बरोबर? "मामा, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. साध्या व्हायरल सर्दीतही येतो. सर्दीवर, आणि बहुतेक घसेदुखीवर, तुझी ॲझी काहीही करत नाही."

"पण मला तीन दिवसांत बरं वाटतं!"

"कारण तू ती चौथ्या दिवशी घेतोस. सर्दी तोवर निघायच्याच बेतात असते."

मग मी हुकमाचं पान टाकलं. हल्ली तुमचे डॉक्टरच म्हणतात, पूर्वीसारखे लांबलचक कोर्स पुष्कळदा लागत नाहीत. म्हणजे मी काळाच्या पुढे होतो! ती शांतपणे म्हणाली, हो, काही आजारांत कमी दिवस पुरतात, पण किती ते आजार बघून डॉक्टर ठरवतो, तुझा मूड बघून तू नाही. ॲझी तर शेवटची गोळी घेतल्यावरही अंगात कित्येक दिवस रेंगाळते, निम्मी व्हायलाच जवळजवळ ६८ तास लागतात. तू अधूनमधून एक-एक घेतोस, म्हणजे जंतूंना मारत नाहीस, त्यांची शिकवणी घेतोस. शिवाय कुणाच्या हृदयाचे ठोके आधीच अनियमित असले तर हीच गोळी महागात पडते. तू गोळी देताना विचारतोस का कुणाला?

मी विचारायचो. "पाण्याबरोबर घेणार की चहाबरोबर?" एवढं नक्की विचारायचो.

फ्लेमिंगचं भाषण तिनंच मला पाठवलं. मी ते वाचून हसलो, हिला ऐकवलं, लिफ्टमध्ये ऐकवलं. डबा जागेवरच राहिला.

श्रावणात अण्णांना थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ. अण्णा चौऱ्याऐंशीचे. डब्यात '...फ्लॉक्स' चार होत्या आणि '...क्लॅव' दोन. आधी फ्लॉक्स दिली, संपल्यावर क्लॅव. दुसऱ्या रात्री ताप उतरला. हिनंसुद्धा "बरं झालं बाई" म्हटलं, आणि मी त्या रात्री एखाद्या हाउस सर्जनसारखा अण्णांच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसलो. चौथ्या दिवशी ताप परत आला, तो एकशे तीन.

हॉस्पिटलमध्ये एका कोवळ्या डॉक्टरनं विचारलं, "याआधी काही अँटिबायोटिक दिलंय?"

मी "नाही" म्हणालो.

का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. समोरचा पोरगा माझ्या मुलापेक्षा लहान होता. त्याच्यासमोर आंब्याचं झाकण उघडायची लाज वाटली असावी. लघवीचं कल्चर लावलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, काहीच वाढलं नाही. ताप मात्र तसाच. अण्णा बरळायला लागले होते. वाफेची कुठलीशी लाइन बंद करायला सांगत होते.

संध्याकाळी भाची आली. तिनं रिपोर्ट पाहिला, आणि मग आजोबांकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

"मामा, डब्यातलं काय दिलंस?"

आधीच गोळ्या पोटात असल्या की बशीत जंतू उगवत नाहीत, आणि मग डॉक्टर अंधारात राहतो. हे ती अगदी खालच्या आवाजात बोलली. कल्चर पुन्हा लावलं. दुसरा रिपोर्ट मी स्वतः आणायला गेलो. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे नाही. कॉरिडॉरमध्ये उभा राहून मी वरून खाली वाचत गेलो. आर. आर. आर. आर. माझ्या डब्यातली सगळी मंडळी तिथं होती. त्यांची पूर्ण नावं मी पहिल्यांदाच वाचत होतो. अगदी तळाशी दोन-तीन एस, आणि ती सगळी इंजेक्शनं.

"सगळं तुझ्यामुळे नाही," भाची म्हणाली. "असे जंतू आता बाहेरच मिळतात, कुणालाही. पण ते 'नाही' तुझं होतं."

फ्लेमिंगच्या गोष्टीत निदान बायको होती.

इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर आले आणि त्यांनी सिस्टरकडे बाटली मागितली. हात लांब करून, डोळे बारीक करून, ते खालची बारीक अक्षरं वाचायला लागले. औषध काय आहे ते नाही, कुठं बनलंय ते.

"बद्दी. हिमाचल." बाटली परत दिली. "पेनिसिलिन नाही चालत का?"

"नाही, अण्णा."

"खाणारे आलेत?"

"हो."

"मग टाकी धुवायला लागेल," म्हणाले आणि डोळे मिटले. मी बाहेर जाऊन पाणी प्यालो. दोन वेळा प्यालो.

दहा दिवसांनी घरी आलो. डबा हिनं घासून त्यात मेथ्या भरल्या होत्या; गोळ्यांचं काय केलं, ते मी विचारलं नाही. अण्णांचं जेवण सुधारलं. दुसरी भाकरी मागून घेतात.

परवा रविवारी तिसऱ्या मजल्यावरचा आला. गळ्याला मफलर, आवाज फाटलेला. जुना पेशंट.

"काका, घसा धरलाय हो. एखादी ॲझी आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत, आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, तिन्ही पाळ्यांना ऐकू जाईल असा.

"गेटपास आहे का, विचार त्याला!"

तिसऱ्या मजल्यावरचा माझ्याकडे बघत राहिला. "कसला गेटपास?"

"ताप आहे का?" मी विचारलं.

"नाही. नुसती खवखव."

"घरी मीठ आहे?"

तो म्हणाला, मीठ आहे, पण गॅस सकाळीच संपलाय. तेव्हा गुळण्यांचं पाणी आमच्याकडेच गरम केलं. अण्णा बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि त्यानं बेसिनपाशी नीट गुळण्या केल्या की नाही, यावर त्यांनी लक्ष ठेवलं.