कुकरची रिंग आणि दोन ड्रायव्हर

कोथरूडहून मंडईला जायचं म्हणजे हल्ली अवघड काय आहे? वनाजला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, कसबा पेठ गेलं की मंडई. हे नवऱ्यानं सोफ्यावर बसून सांगितलं. सोफ्यावरून पुण्यातली सगळीच ठिकाणं जवळ असतात. कामंही फार नव्हती: कुकरची रिंग, फॉल-पिकोला टाकलेली साडी आणि मंडईतून लिंबं-कोथिंबीर. सोबत थोरला, वय वर्षं पाच, आणि धाकटी, अजून तीन पुरी व्हायचीयत.

मापाला म्हणून जुनी रिंग पिशवीत टाकली होती. आनंदनगर यायच्या आत ती थोरल्याच्या हातात गेली आणि तिचं स्टिअरिंग झालं. तिथून पुढे मेट्रो तोच चालवत होता. डेक्कनच्या स्टेशनाला पगडीच्या आकाराचं छप्पर आहे. ते दिसताच धाकटीनं "आजोबाऽ" अशी हाक मारली आणि समोरच्या टोपीवाल्या गृहस्थांनी ओ दिली.

सिव्हिल कोर्ट हे स्टेशन नव्हेच, विहीर आहे. वनाजची गाडी पुलावरून येते, स्वारगेटची जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवरून जाते, आणि मधे सरकते जिनेच जिने. धाकटी अशा जिन्यावर पाऊल टाकण्याआधी पायरी निवडते. ही नको. ही पण नको. ही... गेली! मागे रांग लागते, कुणी "चला हो ताई" म्हणतं, आणि तिचं भाजी निवडल्यासारखं निवांत चालू असतं. शेवटी उचलून घ्यावी तर "माझी मी!" अशी किंकाळी. तळाला पोचल्यावर तिनं जाहीर केलं, "आता परत वर." तिच्या मते आम्ही इथंच यायला निघालो होतो.

पुढे कसबा पेठ स्टेशन आलं. आईपणाचं कर्तव्य म्हणून मी माहिती पुरवली, "इथं वर कसबा गणपती आहे बरं का, पुण्याचं ग्रामदैवत." थोरल्यानं स्टिअरिंग न सोडता विचार केला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे आपण उंदराच्या बिळातून चाललोय?" हरकत कुणालाच घेता आली नाही.

मंडईची दगडी अष्टकोनी इमारत आणि तिचा उंच मनोरा बघून पुढचा प्रश्न आला, "हे चर्च आहे?" लिंबंवाल्या मावशींनी परस्पर निकाल दिला, "कांद्या-बटाट्याचं देऊळ आहे, बाळा. पिशवी धर." १८८६ मध्ये ही उघडली तेव्हा हिचं नाव रे मार्केट होतं. हिच्यावर पैसा घालू नका, शिक्षणाला द्या, असं नगरपालिकेत जोतिराव फुल्यांनी बजावलं होतं. पुढे इमारतीला नाव त्यांचंच लागलं. खर्चाला विरोध करणाऱ्याच्याच नावावर खर्च टाकायची ही रीत आमच्या घरातही आहे, त्याचा अनुभव तुळशीबागेत आला.

"किती लिटरचा? झाकण आत बसतं की बाहेरून?" दुकानदारांनी विचारलं. "आत. ही घ्या जुनी." पण जुनी रिंग थोरला देईना. "गाडी बंद पडेल." मी डोळे वटारले, चॉकलेटचं आमिष दाखवलं, बाबांना फोन लावायची धमकी दिली. गाडी चालूच. दुकानदार मात्र मुरलेले. काउंटरवरून वाकून म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, सिग्नल लाल आहे." गाडी कचकन थांबली. तेवढ्यात त्यांनी नवी रिंग जुनीवर धरली, बोटानं कड चाचपली. "पाच लिटर. सुटला सिग्नल."

शेजारी भातुकलीची पितळी चूल, परात, बंब, अगदी बोटभर कुकरसुद्धा मांडलेला. धाकटीनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला रिंग हवी होती. दादाची जुनी नव्हे, कुकरची नवी नव्हे, स्वतःची. मी कडाडून विरोध केला. दुकानदारांनी दुसरी रिंग बांधली, पैसे माझ्या पाकिटातून गेले.

साडीच्या दुकानापर्यंत आम्ही दोन वाहनांनी पोचलो. पैकी एक सतत रिव्हर्स गिअरमध्ये होतं आणि त्यानं टिकल्यांचा एक स्टॉल थोडक्यात चुकवला. फॉल-पिकोवाल्या ताईंनी जिभेखालचं सुपारीचं खांड गालात सरकवलं. "फॉल झालाय हो, पिको राहिलाय. उद्या चक्कर टाकता का?"

मी तोंड उघडायच्या आत दोन्ही गाड्यांचे हॉर्न वाजले.