झेरॉक्स, लॅमिनेशन आणि बिंगो

(एक टेबल. त्यावर उलटा खोका, तेच झेरॉक्सचं मशीन. दुकानदार शर्टाच्या बाहीनं काच पुसतोय.)

या, या! आधार आहे का रेशन कार्ड? काहीच नाही? मग बसा निवांत.

नळदुर्गात आपलं झेरॉक्सचं दुकान. सातबारा, टीसी, जातीचा दाखला... माणसाचा अख्खा जन्म ह्या काचेवर पालथा पडतो बघा. पण हल्ली नवीनच गिऱ्हाईक लागलंय. बिंगो!

एक गुरुजी आले. मोबाईल पुढं केला. "हे काढा. थीम बिंगो. आपला नळदुर्ग." पाच आडवे, पाच उभे चौकोन, मधला फुकट. बाकीच्यांत उपली बुरूज, बोरी नदी, पाणी महाल, नर-मादी धबधबा, खंडोबा... लई झकास! "चाळीस काढा."

म्हटलं, "चाळीस वेगवेगळे ना?"

"प्रिंट कितीला?"

"दहा."

"आणि झेरॉक्स?"

"दोन."

(थांबतो.) गुरुजी गणिताचे होते.

म्हटलं, गुरुजी, ऐका. अमेरिकेत 1929 च्या सुमारास एडविन लो नावाच्या खेळणीवाल्यानं हा खेळ बाजारात आणला. त्यानं एका प्राध्यापकाला सहा हजार वेगवेगळी कार्डं करायला लावली. करता करता प्राध्यापकाचं डोकं फिरलं म्हणतात. गुरुजी म्हणाले, "माझं शाबूत राहू द्या. एकाचीच काढा."

आमचं पोरगं त्याच वर्गात. गुरुजींनी पाचवा शब्द पुकारला, आणि चाळीस पोरं एकदम... (उडी मारून) "बिंगोऽऽऽ!" हेडमास्तर धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. बक्षीस एकच, कंपासपेटी. चाळीस आया दुसऱ्या दिवशी शाळेत.

पण गुरुजी माणूस हुशार. पुढच्या डावाला फळ्यावर वीस शब्द लिहिले. म्हणाले, "वहीत नऊ चौकोन आखा, हवे ते नऊ शब्द हवे तिथं भरा." झालं! प्रत्येकाचं कार्ड वेगळं, खर्च शून्य. माझा धंदा? तोही शून्य!

आणि शब्द पुकारायचाच नाही, कोडं घालायचं. "वरून पाणी कोसळतं, आत थेंब येत नाही, ते काय?" पाणी महाल! "13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून किल्ल्यावर कोण आलं?" भारताची फौज! पोरगं त्या दिवशी घरी येऊन मला विचारतंय, "पप्पा, पाणी महाल कुणी बांधला?" मी म्हटलं, "सरकारनं." ते म्हणालं, "इब्राहिम आदिलशाह दुसरा. 1613." बायको माझ्याकडं बघतीय, मी भाकरीकडं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग गुरुजींनी विचारलं, "खंडोबा कुठं राहतो?"

(दोन्ही हात पसरून) एक पोरगं म्हणतं नळदुर्ग, एक म्हणतं अणदूर. दोघांचीही ओळ पुरी! आता देवाची मूर्ती सव्वादहा महिने अणदुरात, पावणेदोन महिने आपल्याकडं. दोन्ही गावांनी पिढ्यान्‌पिढ्या करारानं सांभाळलेली गोष्ट गुरुजींनी तीस सेकंदांत पेटवली. शेवटी पंचांग काढलं!

बायकांचं बरंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तंबोल्याची रंगीत तिकिटं हवीत, तीही वेगवेगळी. तंबोल्यात नव्वद आकडे, तिकिटावर पंधरा, पण आता आकडे कुणाला पाहिजेत? थीम वाणाची! गाळणी, डबी, चमचा, साबणदाणी. पुकारणारी म्हणाली, "दरवर्षी येतं आणि दरवर्षी माळ्यावर जातं." सगळ्याजणींनी सगळंच खोडलं. फुल हाऊस!

(पुढं येऊन, हळू) तर मंडळी, एक विनंती. शाळेत खेळा, वाढदिवसाला खेळा, बारशाला खेळा. कार्डं मात्र वेगवेगळी छापून घ्या, लॅमिनेशन केलं तर स्केचपेननं खोडून पुसता येतं, वर्षभर टिकतं. आणि ती वहीत चौकोन आखायची युक्ती... ती सोलापूरकडं सांगा. नळदुर्गात कुणाला सांगू नका.