पहाटे पाचला डिस्को

माधव नगर हे नाव उज्जैनमध्ये पोलीस ठाण्याच्या आणि इस्पितळाच्या पाटीवर आहे. रिक्षावाल्याला मात्र ‘फ्रीगंज’ म्हणावं लागतं, नाहीतर तो दोन वेळा विचारतो. आमचे काका अजून ‘माधव नगर’च म्हणतात आणि रिक्षावाल्याला समजेपर्यंत थांबतात. समोरच्यानं आपल्या पातळीवर यावं, आपण उतरू नये, हा त्यांचा बाणा. देवास इथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे त्यांचे कान तिथल्या कुमार गंधर्वांच्या मैफलींनी घडलेले. कुमारजींनी परंपरेला कितीही धक्के दिले तरी काकांना ते चालायचं. बाकी कुणी तानपुऱ्याला नुसता धक्का लावला तरी चालत नसे.

अशा माणसानं 1982 साली मुंबईहून डिस्कोची रेकॉर्ड आणली. एका लग्नाला गेले होते. दुकानात ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ असं नाव दिसलं, आणि काकांचं इंग्रजी ‘रागाज’पाशी आनंदानं थांबलं. एच.एम.व्ही.चा शिक्का पाहून उरलीसुरली शंकाही गेली. घरी येऊन सोवळ्यात असल्यासारखी सुई टेकवली. भैरव सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ तो ठोका. आजीनं स्वयंपाकघरातून विचारलं, “गिरणी सुरू झाली का रे? दळण टाकायचं होतं.” काकांनी सुई उचलली आणि रेकॉर्ड थेट माळ्यावर गेली.

ती रेकॉर्ड काढणारे चरणजित सिंग हे मुंबईतल्या सिनेसंगीताचे जुने वादक. बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड, जे पुढे येईल ते वाजवायचे. राहुलदेव बर्मनच्या वाद्यवृंदातही होते. नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’नं 1981 साली देशाला नाचवलं होतं. तिकडे विलायतेत न्यू वेव्हची पोरं केसांची तुरेबाज रचना करून सिंथेसायझरवर उदास गाणी वाजवत होती. चरणजितनी जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-8, ठोक्यासाठी टीआर-808 आणि खर्जासाठी टीबी-303. त्यांवर दहा राग वाजवले. रेकॉर्ड काही चालली नाही. आमच्यासारख्या किती घरांनी ती माळ्यावर टाकली असेल, देव जाणे.

पुढे 2002 मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. 2010 साली त्यानं ती ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलतर्फे पुन्हा काढली आणि पाश्चात्त्य जाणकार खुर्चीतून उठले. शिकागोच्या फ्यूचर या गटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’पासून, म्हणजे 1987 पासून, जे अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत सुरू झालं असं सगळे मानत होते, ते या सरदारजींनी पाच वर्षं आधीच वाजवून ठेवलं होतं! म्हातारपणी त्यांना युरोपात बोलावणी आली, तरुण पोरं त्यांच्यापुढे नाचली. 2015 साली मुंबईत ते गेले.

हे सगळं आम्हाला कळलं ते काकांच्या पुण्याच्या भाचीच्या फोनवरून. “मामा, ती रेकॉर्ड भंगारात तर नाही ना दिली? बाहेर मूळ प्रतीला भलती किंमत आहे!” काका शांत. डच लोकांनी डोक्यावर घेतलंय, असं ती म्हणाली तेव्हा एवढंच बोलले, “डचांनी एकदा ट्यूलिपच्या कांद्यांवर घरंदारं उधळली होती. त्यांचं काय सांगतेस?”

तरी रेकॉर्ड खाली आली. मी धूळ पुसून लावली. काका पेपर तोंडासमोर धरून बसले, म्हणजे ऐकत होते. थोड्या वेळानं पेपरच्या मागून हात वर आला. “थांब. मागे घे.” मी सुई मागे घेतली. “मींड आहे ही. सूर तुटत नाहीये बघ.”

आणि खरंच होती. टीबी-303 हे यंत्र रोलँडनं एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्यांच्या सोबतीला काढलं होतं. त्यात स्वर भरणं इतकं किचकट की गिटारवाल्यांनी पाठ फिरवली आणि 1984 साली ते बंद पडलं. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची सोय त्यात होती. शिकागोच्या पोरांनी ती जुन्या बाजारातली स्वस्त यंत्रं उचलली आणि त्या घसरणीवर नाच केला. चरणजितना त्या घसरणीचा उपयोग आधीच ठाऊक असणार. काळाच्या पुढे वगैरे जे म्हणतात ते मला पटत नाही. माणूस फक्त राग न बिघडवता वाजवत होता.

हे पटल्यावर काका बिथरले, पण उलट्या बाजूनं. राग शुद्ध आहेत ना? मग वेळ पाळायची. ललत दुपारी चारला? शोभतं का? तेव्हापासून ललत पहाटे पाचला लागतो. भैरव आणि बैरागी चहाच्या आधी, तोडी पोह्यांबरोबर, मधुवंती दुपारच्या झोपेच्या मुळावर, यमन आणि भूप दिवेलागणीला, कलावती जेवणानंतर. मालकंस मध्यरात्री, त्यासाठी काका गजर लावतात. सलग ऐकली तर तासाभरात संपणारी ही रेकॉर्ड आमच्याकडे दिवसभर पुरते. प्रत्येक वेळी सुई नेमक्या खाचेत उतरवण्याची कामगिरी माझी, आणि पहाटे पाचला हात कापतो.

पहिल्या ललतालाच शेजारचे भैया गॅलरीत आले. “भिया, सवेरे-सवेरे जिम खोल ली क्या?” काकांनी त्यांना ललतातले दोन मध्यम समजावले. भैयांना मध्यम कळले नाहीत, ठोका कळला. आता ते ललतावर बैठका काढतात आणि राग संपला की ओरडतात, “एक बार और!” ललत पुन्हा लावायला काका तयार नसतात. उजाडलेलं असतं.

राहिला मेघमल्हार. उन्हाळाभर त्याला बंदी होती. पाहुण्यांना काका सांगायचे, “मी ही 82 सालीच ओळखली होती,” आणि मेघाची फर्माईश झाली की आकाशाकडे बोट दाखवायचे. शेवटी जूनच्या अखेरीस एका रात्री गडगडलं. काकांनी सगळ्यांना उठवलं, मी सुई टेकवली, पहिला स्वर निघाला आणि लाइट गेले.

“त्या 303 ला सेलवरही चालायची सोय होती म्हणे,” काका अंधारात म्हणाले. “आणि तुझ्या प्लेअरला नाही.”

“फोनवर लावू का?”

“फोनवर मेघ?”

तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून आवाज आला, “काकाजी, आज बंद काय को? मैं तो कपड़े बदल के खड़ा हूँ!”