पावणेबाराची ब्लू टिक

"वहिनी, कढीपत्ता राहू दे, आधी इकडे या. कोपऱ्यावरच्या काकूंचं कळलं का?"

"गुडघ्याचं ऑपरेशन ना? ते जुनं झालं, ताई."

"ते जुनंच. पण ते आपल्याआधी पुण्याच्या सूनबाईंना कसं कळलं, ते नवीन आहे. काकूंनी फक्त मिरजेच्या बहिणीला लिहिलं होतं हो. दुसऱ्याच दिवशी सूनबाईंचा फोन, 'आई, मिरजेत नको, पुण्यातच करू.' काकूंना वाटलं, बहिणीच्या पोटात राहिलं नाही. दोघी बहिणी आठ दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या."

"अगंबाई! मग?"

"मग काय, चोर मी पकडला."

(आवाज जरा चढला होता माझा. चढणारच. असं रोज रोज कुठे घडतं आमच्या गल्लीत?)

"शनिवारी रात्री झोप येईना, म्हणून काकूंना व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. पावणेबारा झाले होते. टाकला नाही तोच ब्लू टिक! काकू तर नऊच्या ठोक्याला मच्छरदाणीत. सकाळी विचारलं तर म्हणतात, 'कुठला मेसेज? मला नवीन काही दिसलंच नाही.' दिसेल कसं? दुसरीकडे कुणी उघडला की यांच्या फोनवरचा तो हिरवा आकडाही जातो. मेसेज गुपचूप खाली पडून राहतो, वाचल्यासारखा."

"हॅकच म्हणायचं की हो हे."

"मलाही तेच वाटलं. काकूंचा फोन घेतला. वर ते तीन ठिपके असतात ना, त्यात लिंक केलेली डिव्हाइसेस. उघडलं तर एक फोन जोडलेला. शेवटचा वापर, आज सकाळी. म्हणजे काकू देवपूजेला बसल्या होत्या तेव्हा."

"मुलाचा?"

"मुलाचाच. दिवाळीला आला होता तेव्हा नवा फोन घेऊन दिला, सगळं लावून दिलं. त्यातच म्हणाला, 'आई, इथे जरा अंगठा टेक.' टेकला. आता पोटच्या पोरानं अंगठा टेक म्हटल्यावर कोण विचारतं, कशाला म्हणून?"

"पण एका नंबरावर दोन फोन चालतात?"

"चालतात. 2023पासून. मूळ फोन सोडून आणखी चार जोडता येतात, फोन म्हणा, कॉम्प्युटर म्हणा. 2015ला व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर पहिल्यांदा आलं तेव्हा आपला फोन बंद केला की तिकडचंही बंद पडायचं. 2021पासून तेही बदलायला लागलं. आता आपला फोन पिशवीत बंद पडला असला तरी तिकडे मेसेज जातातच. हां, मूळ फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर सगळी जोडणी आपोआप तुटते. पण रोज पहाटे पाचला गणपती आणि सुप्रभात पाठवणाऱ्या बाईचं कसलं तुटतंय!"

"आणि 'मेसेज आम्हालासुद्धा दिसत नाहीत' असं कंपनी सांगते, ते काय मग?"

"एन्ड टू एन्ड. 2016पासून आहे ते, आणि खोटं नाही. वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण जोडलेला प्रत्येक फोन म्हणजे त्यांच्या लेखी एक टोकच. त्याच्यासाठी मेसेज वेगळा बंद करून जातो. आपण धरून चालतो, इकडे मी आणि तिकडे काकू. टोकं किती ते काकूंनाच माहीत नाही, तर मला कुठून कळणार?"

वहिनी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "पण ताई, त्यानं वाईट हेतूनं नसेल केलं. मागे तो फोन आला होता ना काकूंना?"

तो फोन सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पार्सल अडकलंय, सीबीआयमधून बोलतोय, कुणाला सांगू नका. काकूंना तीन तास व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं होतं. मी वाटीभर विरजण मागायला गेले म्हणून एफडी वाचली.

"तेव्हापासून घाबरलाय तो, मला मान्य आहे. पण मग सांगून कर. तुम्ही गावाला गेलात की तुमची किल्ली माझ्याकडे असते. मी झाडांना पाणी घालते. म्हणून कपाट उघडून तुमची पत्रं वाचत बसले तर?"

"छे छे!"

(जरा जास्तच पटकन आलं ते छे छे. असो.)

"आणि दुसरं, माझं काय? काकूंनी एक वेळ मुलाला हो म्हटलंही असतं. पण माझ्या लेकीच्या घरात जे काय चाललंय, ते मी काकूंना लिहिलं होतं, त्यांच्या मुलाला नाही. माझी संमती कुणी घेतली? परवा हा शहाणा माझ्या पुतण्याला विचारतो, 'तुझ्या बहिणीचं मिटलं का?' पुतण्याला पत्ताच नव्हता हो तोवर. आता आख्ख्या भावकीला आहे."

"कायदा नाही का काही?"

"भाचीला विचारलं, ती सांगलीच्या कोर्टात असते. म्हणाली, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलंय. म्हटलं, वा. मग म्हणाली, 2023चा डेटाचा कायदा आहे, त्यात संमती मोकळेपणानं, समजून, नेमक्या कामापुरती दिलेली हवी. म्हटलं, अगदी माझ्या मनातलं. तर म्हणते, पण मावशी, माणूस घरगुती कामासाठी माहिती वापरतो तिथे तो कायदा लागू नाही. घ्या! आयटी कायद्यात लबाडीनं, परवानगीशिवाय शिरण्याला शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत. पण पोटच्या पोरावर कुठली आई तक्रार करते? आणि नवराबायकोचं तर विचारूच नका. 2025च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बायकोचं बोलणं चोरून रेकॉर्ड केलेलं असलं तरी घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल."

"पण ते सहा तासांचं काहीतरी निघालं होतं ना?"

"2025च्याच नोव्हेंबरात टेलिकॉम खात्यानं कंपन्यांना आदेश दिला, की वेबवरचं सहा तासांच्या आत लॉग आउट व्हायला पाहिजे. ते फसवणूकवाल्यांसाठी. घरच्या माणसाला पुन्हा जोडायला काय लागतं? अंगठा तर स्वयंपाकघरातच असतो."

"काकू चिडल्या असतील."

"अजिबात नाही. लॉग आउट दाबलं, मुलाला फोन लावला आणि म्हणाल्या, 'बँकेचे मेसेज दर रविवारी मीच तुला दाखवीन. अनोळखी फोन आला तर आधी तुला विचारीन. बाकीचं मी सांगीन तेवढंच.' दोन दिवस फुगून बसला होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला, भरल्या वांग्याला गोडा मसाला किती घालायचा म्हणून."

"बरं झालं बाई. आमच्याकडे ही भानगड नाही. माझे मेसेज वाचायला कुणाला वेळ आहे?"

"बघून तर घ्या. तीन ठिपके."

वहिनींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. बघितलं. पुन्हा बघितलं. "ताई, विंडोज म्हणजे?"

"कॉम्प्युटर. शेवटचा वापर?"

"आज. आत्ताच, दहा वीस." मग हळूच घराकडे बघून, "हे सकाळपासून शेअर बघत बसलेत."

"तुम्ही जोडून दिलंत?"

"जुलैत यांना रिटर्न भरायचं होतं, बँकेची पीडीएफ माझ्या फोनवर आलेली. ती छापण्यापुरता लावला होता अंगठा." वहिनींचा चेहरा बदलत गेला. "म्हणूनच! भिशी लागल्याचं मी फक्त माहेरी कळवलं होतं. आणि हे जेवताना म्हणतात, 'यंदा फ्रीज बदलून टाकू या का?'"

"काढून टाका मग. नावावर बोट ठेवा, लॉग आउट येईल."

"थांबा. आधी खात्री करू दे." वहिनींनी माहेरचा ग्रुप उघडला आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं: 'यांचा निळा स्वेटर आज बोहारणीला देऊन टाकला. स्टीलचा डबा मिळाला, झाकणासकट.'

पाठवलं. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. आत खुर्ची सरकली. कपाटाचं दार धाडकन उघडलं.

"अगं ए! माझा निळा स्वेटर कुठाय?"