मंत्र्याचं दुसरं लेणं

संभाजीनगरात पाहुणे उतरायच्या आत त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो: एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, उरलेल्या संध्याकाळी मकबरा-पाणचक्की आणि रात्री नान-कलिया. याबाहेरचं काही सुचवलं, की पाहुण्याआधी यजमानच विचारतो, "तिथं काय आहे बघायला?" बघण्यासारखं असतं तर गर्दी झाली नसती का, असा त्याचा हिशेब. हा हिशेब चुकीचा असल्याचा पुरावा पाचव्या शतकातला आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं त्यानं कोरवून घेतलं आणि सिल्लोड तालुक्यातलं, जंजाळ्याजवळचं घटोत्कच लेणंही त्याचंच. दोन्हीकडे शिलालेख आहेत. कामावर आपलं नाव लावायची मंत्र्यांची हौस आजकालची नाही. मंत्री तोच, काळ तोच. पण एका लेण्यात आज पहारेकरी "पुढं सरका" म्हणून ओरडतो आणि दुसऱ्यात वटवाघळं कुणालाच सरकायला सांगत नाहीत.

कुणी म्हणेल, अजिंठ्याची चित्रं कुठं आणि हे कुठं! एकदम मान्य. पद्मपाणीला किंवा वेरूळच्या कैलासाला तोड नाही. पण ते आपल्या वाट्याला येतं किती? फर्दापूरला गाडी लावा, बसच्या रांगेत उभे राहा, रंगीत खडे विकणाऱ्यांना चुकवा आणि मग अंधुक उजेडात पुढच्यांच्या डोक्यांवरून पद्मपाणीचा मुकुट बघा. दर्शन होतं, बघणं राहून जातं. उलट औरंगाबाद लेणी शहरालाच लागून, विद्यापीठामागच्या डोंगरात. तिथल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत. त्यांच्या केसांच्या रचना बघताना आजच्या ब्यूटी पार्लरवाल्यांनी वही-पेन्सिल काढावी. ७ क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ महाभयांच्या चौकटी: हत्ती, सिंह, साप, आग, बुडणारं जहाज वगैरे. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेले लोक त्याचा धावा करताहेत. प्रवासाला निघणाऱ्यांसाठी इतकी काटेकोर सूचना एसटीनंही कधी लावली नसेल. सेल्फी काठी तेवढी यादीत नाही. या चौकटींचा एकेक करून अर्थ लावायला वेळ लागतो, आणि तो इथं मिळतो.

आता आक्षेप. अशा आडबाजूच्या लेण्यांपाशी चहा मिळत नाही, हा पहिला आणि मराठी माणसाच्या दृष्टीनं सर्वांत गंभीर. त्यावर थर्मास हे उत्तर आहे. दुसरा खरा वजनदार: गर्दी नसली की देखरेखही ढिली पडते आणि भिंतींवर बाणानं विंधलेले बदाम उमटतात. पण अजिंठ्यालाही हे चुकलेलं नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १० क्रमांकाच्या लेण्यात, चित्रावरच, आपलं नाव खरडलं. (तेव्हा अजिंठाही आडबाजूलाच होता, म्हणजे हा दाखला थोडा माझ्यावरच उलटतो, असो.) तिसरा आक्षेप, असं लिहिलं की उद्या तिथंही झुंबड उडेल. ही भीती निराधार आहे. घटोत्कच लेण्याला शेवटचा टप्पा पायी जावं लागतं, आणि आपल्याकडं गाडीचा रस्ता संपला की निम्मी मंडळी "तुम्ही या बघून, आम्ही बसतो गाडीतच" म्हणतात.